जुन्नरचा ‘ज’ कुठे गेला?

सहकारी संस्थेची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हावी लागते. त्यामुळे ऑगस्ट सरता सरता जुन्नर, नारायणगाव, ओतूर, मंचर, घोडेगाव इथल्या डीटीपीच्या दुकानांत अहवालांची रीघ लागते. विघ्नहर आणि भीमाशंकर हे दोन सहकारी साखर कारखाने या भागातले मोठे. त्यांच्या खालोखाल पतसंस्था, विकास सोसायट्या, दूध संस्था, पाणीवापर संस्था. प्रत्येकीला अध्यक्षांचं मनोगत हवं, ताळेबंद हवा, सभासदांची गाववार यादी हवी. पहिला अपघात बहुधा या यादीतच होतो.

समजा, संस्थेच्या लिपिकाने वर्डमध्ये तक्ता आखला आहे आणि फॉन्ट लावला आहे कृतिदेव. टायपिंगच्या क्लासला रेमिंग्टनच्या कळफलकावर शिकलेला माणूस तोच लावणार. ‘तालुका’ या रकान्यात तो ‘जुन्नर’ लिहितो, टॅब मारून पुढच्या चौकटीत जातो, आणि मागे ‘ज’ची दांडी गळून पडते. तो परत येऊन शब्द नव्याने लिहितो, पुढे सरकतो. पुन्हा दांडी गायब. ‘मंचर’ लिहिलं तर ‘म’ अर्धा. ‘नारायणगाव’ लिहिलं तर ‘न’ अर्धा. अशा वेळी कार्यालयात दोन निदानं ठरलेली असतात : व्हायरस आला किंवा फॉन्ट करप्ट झाला. मग मशीन फॉरमॅट होतं, फॉन्ट पुन्हा टाकला जातो आणि दुसऱ्या दिवशी ‘ज’ची दांडी पुन्हा गळते.

खरी गोष्ट अशी की त्या फाईलमध्ये ‘जुन्नर’ हा शब्द नसतोच. तिथे पाच इंग्रजी अक्षरं असतात : छोटा टी, छोटा क्यू, मोठा यू, छोटा यू, छोटा जे. छोट्या टीच्या जागी कृतिदेव ‘ज’चं चित्र दाखवतो आणि मोठ्या टीच्या जागी अर्ध्या ‘ज’चं. इकडे वर्डला वाक्याचं आणि तक्त्यातल्या चौकटीचं पहिलं अक्षर मोठं करायची खोड आहे; तिचं नाव ऑटोकरेक्ट. त्याने इमानेइतबारे इंग्रजी शुद्धलेखन पाळलं आणि आपला तालुका अर्धा केला. ऑप्शन्समधल्या प्रूफिंगमध्ये जाऊन ऑटोकरेक्टच्या खुणा काढल्या की हा रोग तिथल्या तिथे बरा होतो.

काढताना ‘स्मार्ट कोट्स’चीही खूण काढावी. कृतिदेवमध्ये ‘शिवनेरी’ लिहिताना कळा दाबल्या जातात त्या अशा : एफ, सरळ एकेरी अवतरणचिन्ह, के, ओ, यू, एस, जे, एच. एफ म्हणजे पहिली वेलांटी. अवतरणचिन्ह म्हणजे अर्धा ‘श’. के म्हणजे काना. अर्ध्या ‘श’ला काना लागून पूर्ण ‘श’ होतो. वर्ड मात्र सरळ अवतरणचिन्ह दिसलं की ते वाकवून गोंडस करतं. वाकवलेल्या चिन्हाची जागा फॉन्टमध्ये वेगळी असते आणि तिथे अर्धा ‘श’ नसतो. शिवनेरीचा ‘श’ पाडायला तोफ लागत नाही, एक अवतरणचिन्ह पुरतं.

हा सगळा घोळ ज्या काळात सुरू झाला त्या काळाला नावं ठेवणं सोपं आहे. मी ठेवणार नाही. आल्डस कंपनीचं पेजमेकर हे पानं लावायचं सॉफ्टवेअर १९८५मध्ये मॅकिंटॉशवर आलं आणि खिळे जुळवण्याचं काम टेबलावर आलं. पण ते इंग्रजीचं टेबल होतं. एका फॉन्टला २५६ जागा, त्यातल्या बऱ्याच आधीच अडवलेल्या. देवनागरीला मुळाक्षरं, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, मात्रा, रफार, उकारांची वेगवेगळी मापं, सगळं त्यात कोंबायचं होतं. म्हणून अक्षरांचे तुकडे केले : अर्धा ‘भ’ आणि काना, अर्धा ‘ण’ आणि काना. कुठला तुकडा कुठल्या जागी ठेवायचा हे प्रत्येकाने आपापलं ठरवलं. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, पुण्यातच १९८८मध्ये सुरू झालेल्या सी-डॅकचे आयएसएम आणि लीप ऑफिस, बंगळुरूच्या सायबरस्केपची आकृती; ज्याची त्याची वाटणी वेगळी. चित्रांऐवजी अक्षरं साठवणारं ‘इस्की’ हे भारतीय मानक १९९१मध्ये पक्कं झालं होतं, पण पानं लावणाऱ्या इंग्रजी सॉफ्टवेअरला इस्की कळत नव्हतं, चित्रं कळत होती. श्रीलिपी नसती तर नारायणगावच्या तमाशाच्या राहुट्यांतली पोस्टरं आणि चैत्रातल्या यात्रांच्या पत्रिका संगणकावर यायला आणखी दहा वर्षं गेली असती.

दोष द्यायचा तर नंतरच्या काळाला द्यावा. युनिकोड या जागतिक संकेताची पहिली आवृत्तीही १९९१चीच, आणि तिने देवनागरीला इस्कीच्याच धर्तीवर १२८ जागांचा स्वतंत्र पट्टा दिला. विंडोज २०००मध्ये देवनागरी थेट लिहिता येऊ लागली, सोबत र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला मंगल हा फॉन्ट होता. त्यानंतर वर्षभराने, २००१मध्ये, पेजमेकरची सातवी आवृत्ती आली आणि तिला युनिकोड कळत नव्हतं. तोवर पेजमेकर ज्यांच्याकडे आलं होतं त्या अडोबीने २००४मध्ये त्याचा पुढचा विकासच थांबवला. जगाने त्याचा दहावा-बारावा उरकला, आपल्याकडे तेरावा अजून व्हायचा आहे. तालुक्याच्या दुकानात कोपऱ्यात एक्सपीचं जुनं मशीन असतं, त्याला श्रीलिपीचं डोंगल लावलेलं असतं आणि ते बंद पडू नये म्हणून त्याची बडदास्त ठेवली जाते.

याला निव्वळ आळस म्हणता येत नाही. पानाचा दर ठरलेला असतो. मॅटर कन्व्हर्ट करण्याचा दर नसतो. ते काम गिऱ्हाइकाला दिसत नाही, म्हणून त्याचे पैसे मिळत नाहीत. ज्याचे पैसे मिळत नाहीत ते काम ऑपरेटर रात्री अकरानंतर करतो आणि तेवढ्यापुरतंच करतो.

आता उलटी वाट पाहा. गेल्या दहाएक वर्षांत मराठी लिहिणारा माणूस फोनवर आला. सरपंचांचं निवेदन, मुख्याध्यापकांचा लेख, यात्रा कमिटीची देणगीदारांची यादी, सगळं व्हॉट्सॲपवरून येतं आणि ते आपोआप युनिकोडमध्ये असतं. म्हणजे मूळ मॅटर चांगलं असतं. ते पेजमेकरमध्ये चिकटवलं की प्रश्नचिन्हांची ओळ उमटते, कारण त्या अक्षरांना पेजमेकरच्या २५६ जागांत घरच नाही. मग ऑपरेटर ते कन्व्हर्टरमध्ये टाकून श्रीलिपीत उतरवतो. धड मजकूर मोडून जुन्या साच्यात बसवण्याची ही मजुरी जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत रोज चालते.

त्यात काय काय सांडतं? जुन्नरच्या पश्चिमेला आंबे-हातवीजच्या अंगाने कोकणात उतरणारा दाऱ्या घाट आहे. त्यातला आडवा ‘र’ युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो : एकीत टिंबवाला ‘ऱ’, दुसरीत साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारं एक जोडचिन्ह. डोळ्याला दोन्ही सारखे दिसतात. कन्व्हर्टरला एकच रीत माहीत असेल तर दुसऱ्या रीतीने लिहिलेला दाऱ्या घाट ‘दार्या’ होऊन बाहेर पडतो. तीच गत ‘ॲ’ची. मराठीतला हा ‘ॲ’ युनिकोडमध्ये दाखल झाला २००८मध्ये, ५.१ या आवृत्तीत. त्याआधीचे फॉन्ट आणि कन्व्हर्टर त्याला ओळखत नाहीत. म्हणून स्मरणिकेत शुभेच्छुकांच्या पानावर वकिलांच्या नावामागच्या ‘ॲड.’ऐवजी रिकामा चौकोन येतो. डॉक्टर सुखरूप असतात, वकील अडकतात.

पेजमेकर सोडून इनडिझाइनवर गेलं की सुटका होते, पण सरळ होत नाही. नवं सॉफ्टवेअर घेऊन पहिल्याच दिवशी निराश झालेल्यांची अडचण बहुतेक वेळा एकच असते. वर्डची युनिकोड फाईल इनडिझाइनमध्ये ओढली की ‘विघ्नहर’ची वेलांटी ‘व’च्या उजवीकडे जाते, ‘घ्न’ सुटा होतो, पाय मोडलेला दिसतो. यात फॉन्टची चूक नसते. इनडिझाइनमध्ये ओळ रचणारी यंत्रणा, कंपोझर, दोन प्रकारची असते. नेहमीची रोमन लिपीसाठी बनलेली. दुसरी ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’. ही दुसरी २०१२च्या सीएस६ आवृत्तीपासून भारतीय लिपींसाठी आली. पॅरेग्राफ पॅनेलच्या कोपऱ्यातल्या मेनूत जाऊन ती निवडली की ‘विघ्नहर’ जाग्यावर येतो. फक्त निवडलेल्या परिच्छेदाला ती लावून भागत नाही. पॅरेग्राफ स्टाइलमध्येच ती नोंदवावी, नाहीतर प्रत्येक नव्या मॅटरला तोच खेळ.

दुसरी अडचण गुलाबी पट्ट्यांची. मॅटर आत आलं आणि ओळींवर गुलाबी रंग चढला, तर फाईलमध्ये नोंदवलेला फॉन्ट या मशीनवर नाही असा त्याचा अर्थ. वर्ड देवनागरीला ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ मानतं आणि तिचा फॉन्ट, आकार, ठळकपणा इंग्रजीपासून वेगळा नोंदवतं. म्हणून वर्डमध्ये मंगल दिसत असतानाच फाईलच्या पोटात त्याच शब्दावर कॅलिब्रीही नोंदवलेला असतो, आणि आयात करताना कधी तो वर येतो. यावर साधा उपाय म्हणजे वर्डमधली सजावट आणूच नये. ‘प्लेस’ करताना ‘शो इम्पोर्ट ऑप्शन्स’ला खूण करावी, वर्डच्या स्टाइल्स आपल्या स्टाइल्सना जोडाव्यात आणि बाकीचा साज बाहेर ठेवावा. संस्थेच्या लिपिकाने प्रेमाने केलेल्या लाल-निळ्या ओळी त्यात जातात. जाऊ द्याव्यात.

इनडिझाइनचं भाडं परवडत नसेल तर स्क्रायबस हे मोफत सॉफ्टवेअर आहे. त्याच्या १.५.३ या २०१७च्या चाचणी आवृत्तीपासून देवनागरी नीट जुळते आणि २०२४च्या आरंभी १.६ ही स्थिर आवृत्ती आली. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे मुक्त, बलू हे फॉन्ट आणि आयआयटी मुंबईचा शोभिका विनामूल्य मिळतात. सुबक अक्षरांसाठी जुन्या फॉन्टांनाच धरून राहायला हवं, हे आता खरं राहिलेलं नाही.

सगळ्यांत किचकट काम आहे ते जुना साठा वर आणण्याचं : कृतिदेवमधल्या, श्रीलिपीतल्या फाईली युनिकोडमध्ये नेण्याचं. इथे पतसंस्थेच्या अहवालाइतका कठोर परीक्षक दुसरा नाही. त्याच्या मुखपृष्ठावरच ‘वार्षिक’ हा शब्द असतो. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं दिसण्याच्या क्रमाने साठवलेली असतात : ‘व’, काना, मग वेलांटी, मग ‘ष’, मग रफार, शेवटी ‘क’. युनिकोडला उच्चाराचा क्रम हवा, म्हणजे वेलांटी ‘ष’च्या नंतर न्यायची आणि रफार ‘ष’च्या आधी. दोन्ही उड्या एकाच अक्षरावरून, विरुद्ध दिशांनी. कन्व्हर्टर चुकला की ‘वाषिर्क’ उमटतं आणि आत ‘कर्ज’चं ‘कजर्’ होतं. तुम्ही हे शब्द असे छापलेले पाहिले असतील आणि ऑपरेटरला शुद्धलेखन येत नाही असं म्हणाला असाल. त्याने ते लिहिलेलेच नसतात.

यावर तपासणीची एक जुजबी पण खात्रीची रीत आहे. ‘र्’ने संपणारे शब्द शोधायचे; मराठीत तसे शब्द जवळजवळ नाहीत. मग वेलांटीने किंवा मात्रेने सुरू होणारे शब्द शोधायचे. तसे तर असूच शकत नाहीत. एवढ्याने मोठा गाळ निघून जातो.

इंग्रजी शब्दांचं वेगळं. ‘आयएसओ मानांकित’ असं लिहिताना संस्थेने ती तीन अक्षरं इंग्रजी फॉन्टमध्ये टाकलेली असतात. पण सगळा मजकूर एकगठ्ठा कॉपी करून कन्व्हर्टरच्या चौकटीत ओतला की कुठलं अक्षर कुठल्या फॉन्टमध्ये होतं ही माहिती तिथेच संपते, आणि कन्व्हर्टर त्या तीन अक्षरांनाही कृतिदेव समजून भलतंच काहीतरी करून ठेवतो. मायक्रोसॉफ्टच्या टीबीआयएल कन्व्हर्टरसारखी, वर्डची फाईलच घेऊन फॉन्ट पाहत पाहत बदलणारी साधनं म्हणून बरी. तीही आधी एका पानावर चालवून पाहावीत. श्रीलिपीत अनेक मालिका आहेत. एका मालिकेचा तक्ता दुसरीला लावला की निम्मं बरोबर येतं. सगळं चुकलेलं लगेच कळतं, निम्मं बरोबर आलेलं छापून जातं.

आणि आकडे. कृतिदेवमध्ये मराठी १ ते ९ हे आकडे १३१ ते १३९ या जागांवर बसवलेले आहेत. १२८ ते १५९ हा पट्टा सगळ्यांत नाजूक. लॅटिन-१ या जुन्या संकेतात तिथे छापण्याजोगं अक्षर नाहीच. साध्या टेक्स्ट फाईलमधून मजकूर तसल्या वाटेने नेला की ही नऊ चिन्हं पुसली जातात किंवा त्यांची प्रश्नचिन्हं होतात. शून्य मात्र दूर, २२९व्या जागी आहे, म्हणून ते वाचतं. ताळेबंदात एक ते नऊ सगळे गेले आणि फक्त शून्यं उरली, असा अहवाल सभेपुढे ठेवायची वेळ कुठल्याही संचालक मंडळावर येऊ नये. आकड्यांची रुजवात कन्व्हर्टरवर न सोडता एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने मूळ कागदावर खूण करायची, हीच पद्धत अजूनही चांगली.

याद्यांचा आणखी एक गुण सांगायला हवा. जुन्या फॉन्टमधली सभासद यादी एक्सेलमध्ये अकारविल्हे लावायला गेलात तर संगणक इंग्रजी अक्षरांनी लावतो. किसन, दिनकर, विठ्ठल, शिवाजी ही मंडळी सलग येतात, कारण चौघांचीही सुरुवात वेलांटीने, म्हणजे एफने होते. वर्षानुवर्षं अशी यादी पाहून काही लिपिकांना तिच्यात नाव बरोबर सापडतं. युनिकोडमध्ये यादी खरोखर अकारविल्हे लागली की त्यांनाच चुकल्यासारखं वाटतं.

बैलगाडा शर्यतींशिवाय या भागाची गोष्ट पुरी होत नाही, आणि आपल्या विषयाशीही त्यांचा संबंध आहे. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी आणली. १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३च्या निकालाने त्यावर शिक्कामोर्तब झालं. मधल्या साडेसात वर्षांत शर्यतीच्या घाटांवर अधिकृतपणे गाडे पळाले नाहीत आणि शर्यतीची पत्रकंही छापली गेली नाहीत. त्याच काळात दुकानांतले संगणक बदलले. बंदी उठल्यावर जुन्या पत्रकाची ‘ओपन फाईल’ काढून फक्त तारीख बदलावी म्हटलं, तर ती उघडायला ना तो पेजमेकर उरलेला, ना तो फॉन्ट. जिथे फाईल सापडते तिथे बऱ्याचदा ती कोरलमध्ये ‘कर्व्ह’ केलेली असते. कर्व्ह करणं म्हणजे अक्षरांच्या रेघा करून टाकणं. प्रेसला फॉन्ट नसल्याची अडचण येऊ नये म्हणून ते करतात आणि छपाईपुरतं ते योग्यच आहे. पण कर्व्ह केलेल्या फाईलमध्ये मजकूर उरत नाही. त्यात शोधता येत नाही, दुरुस्त करता येत नाही, कन्व्हर्टही करता येत नाही. गाडामालकांची, मानकऱ्यांची, गावोगावच्या पाहुण्यांची नावं त्यात आहेत, पण चित्र म्हणून.

पीडीएफचंही जवळपास तसंच. जुन्या फॉन्टमधली पीडीएफ दिसते देखणी, पण तिच्यातून कॉपी केलं की इंग्रजी अक्षरांचा कचरा हाती येतो. ‘आमच्याकडे सगळ्या अंकांच्या पीडीएफ आहेत’ असं निश्चिंतपणे सांगणाऱ्या संस्थांनी आपल्याच पीडीएफमध्ये आपल्या गावाचं नाव एकदा शोधून पाहावं. सापडलं नाही तर त्यांच्याकडे फक्त पानांचे फोटो आहेत, असं समजावं.

पेजमेकरच्या फाईली मात्र अजून हातच्या गेलेल्या नाहीत. सीएस६पर्यंतच्या इनडिझाइनला सहाव्या आणि त्यापुढच्या पेजमेकरच्या फाईली उघडता येतात. लिबर ऑफिस हे मोफत सॉफ्टवेअरही २०१५च्या ४.४ आवृत्तीपासून त्या वाचतं. मांडणी विस्कटते, चौकटी इकडेतिकडे होतात, पण मजकूर निघतो. तो मग युनिकोडमध्ये नेता येतो. ज्याचा फक्त छापील कागद उरला आहे तो स्कॅन करून टेसरॅक्टसारख्या अक्षरओळख साधनातून काढता येतो. त्यात चुका भरपूर येतात आणि कुणीतरी बसून वाचावं लागतं.

डिंभे धरणात जुनं आंबेगाव गेलं. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातल्या कितीतरी वाड्यांची नावं, घराण्यांच्या याद्या, शाळांचे इतिहास हे फक्त कुठल्या तरी रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत एकदाच छापलेले असतात. त्या स्मरणिकेच्या शे-दोनशे प्रती कपाटांत असतील. तिचा मजकूर मात्र एका दुकानाच्या जुन्या हार्ड डिस्कवर, श्रीलिपीच्या कुठल्याशा मालिकेत आहे. तो दुकानदाराच्या मालकीचा नाही आणि तो जपणं ही त्याची जबाबदारीही नाही. संस्थेने तो कधी मागितलाच नाही.

म्हणून पतसंस्था, यात्रा कमिट्या, शाळा आणि मंडळं चालवणाऱ्यांना एक विनंती. या वर्षीचं बिल चुकतं करताना छापील प्रतींबरोबर अंतिम प्रूफाचा मजकूर युनिकोडमध्ये, साध्या वर्ड फाईलमध्ये मागून घ्या, आणि त्या कामाचे वेगळे पैसे द्या. जुन्या अंकांसाठी तुमच्या डीटीपीवाल्याला आजच फोन करा. कोपऱ्यातलं एक्सपीचं मशीन अजून सुरू आहे का, एवढं आधी विचारा.